प्ररोचनेचे कर्तृत्व : प्रेक्षककृत ट्रेलरचा विचार

नाट्यप्रयोगाच्या आरंभी प्रेक्षकांचे औत्सुक्य जागृत करून त्यांस प्रयोगाकडे अभिमुख करणाऱ्या अंगास भरताने प्ररोचना ही संज्ञा दिली आहे. पूर्वरंगाच्या अंगांत तिचा समावेश होतो आणि भारती वृत्तीच्या चार भेदांतही तिची गणना होते. उत्तरकालीन नाट्यमीमांसकांनी तिचे उदाहरण म्हणून श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेची प्रस्तावना पुढे केली आहे. तेथे सूत्रधार कवीचे, कथेचे आणि नटवर्गाचे गुण सांगतो. परंतु तेवढ्यावर न थांबता समोर बसलेल्या परिषदेच्या रसिकतेचीही वाखाणणी करतो. ही गोष्ट वरवर साधी दिसली तरी तिच्यात एक मर्म आहे. प्रेक्षक हा प्ररोचनेचा श्रोता तर आहेच, शिवाय तो तिचा विषयही आहे. मात्र तो स्तुतीचा विषय झाला तरी तिचा कर्ता होत नाही. प्ररोचनेचे कर्तृत्व सर्वस्वी सूत्रधाराकडे, म्हणजे प्रयोग ज्याच्या हाती त्याच्याकडे, राहते.

चित्रपटाच्या क्षेत्रात हे कर्तृत्व प्रेक्षकाकडे सोपविण्याची एक कल्पना गेल्या वीस वर्षांत पुढे आली आहे. स्वतंत्र निर्मात्याने आपल्या चित्रपटातील दृश्ये चाहत्यांच्या स्वाधीन करावी आणि त्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे त्यांतून ट्रेलर सिद्ध करावा, असे तिचे स्वरूप. सकृद्दर्शनी ती जाहिरातीची एक युक्ती वाटते आणि पुष्कळ अंशी ती तशी आहेही. तथापि कलाकृतीतून वेचा काढण्याचा अधिकार कोणाचा, आणि काढलेला वेचा मूळ कृतीविषयी नेमके काय सांगतो, हे प्रश्न तिच्यामुळे उभे राहतात. आणि ते प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके नाहीत.

ट्रेलर या शब्दाचा मूळ अर्थ मागून येणारा असा आहे. आरंभीच्या काळात तो मुख्य चित्रपटाच्या शेवटी दाखवीत असत, त्यावरून हे नाव पडले. न्यूयॉर्क येथे मार्कस लो याच्या चित्रगृहांचा प्रसिद्धिप्रमुख निल्स ग्रॅनलंड याने १९१३ मध्ये एका संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी केलेली छोटी फीत ही या प्रकारातील पहिली मानण्याची प्रथा आहे. त्याच वर्षी आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याच्या जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा उल्लेख होता. कथेचा गौरव करण्याऐवजी मोजमाप सांगून गिऱ्हाईक बोलाविण्याची ही रीत; तीत फाळक्यांनी आपल्या प्रेक्षकाची नस अचूक ओळखली होती. पुढे जत्रांतून तंबूचे सिनेमे फिरू लागले. गावोगाव गाडीवर कर्णा बांधून खेळाची वर्दी देणारा माणूस चित्रपटाचे वर्णन आपल्या शब्दांत करी, त्या गावाला काय रुचेल याचा अंदाज घेऊन कधी देवाचे नाव पुढे करी, कधी मारामारीचे. त्याच्या हाती फीत नव्हती, कात्री नव्हती. परंतु निवड त्याची होती. प्रेक्षककृत ट्रेलरचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो या कर्णेवाल्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ट्रेलर आणि चित्रपट यांच्या नात्याविषयी अलीकडे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला मत द्यावे लागले, ही घटना उल्लेखनीय आहे. २०१६ मध्ये ‘फॅन’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याच्या प्रसिद्धीत एक गीत सर्वत्र दाखविले गेले. प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील एका शिक्षिकेने गीतावर भरवसा ठेवून कुटुंबासह चित्रपट पाहिला आणि फसवणूक झाली म्हणून ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. महाराष्ट्र राज्य आयोगाने २०१७ मध्ये तिला दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो निर्णय कायम केला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो उलटविला. ट्रेलर हे एकतर्फी निवेदन आहे, तिकीट घेण्यास उद्युक्त करणे एवढाच त्याचा हेतू असतो, त्यातून करार निर्माण होत नाही आणि आश्वासनही निर्माण होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. चाहत्याचेच नाव धारण करणाऱ्या चित्रपटावरून हा वाद उद्भवावा, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच आहे. समीक्षेच्या दृष्टीने तो एक पोकळी उघडी करतो. ट्रेलर जर वचन नव्हे, तर तो काय आहे? त्यातील प्रत्येक चित्र मूळ कृतीतून आले आहे असे समजूनच प्रेक्षक तो पाहतो. म्हणजे अवतरण वाचताना वाचकाची जी भूमिका असते, तीच त्याची असते. अवतरण खोटे निघाले तर वाचक त्यास अप्रामाणिक म्हणतो, मग त्यापायी त्याचे पैसे गेलेले असोत वा नसोत. त्या शिक्षिकेची तक्रार ग्राहकाच्या भाषेत मांडली गेली आणि त्या भाषेत ती टिकली नाही. वस्तुतः ती वाचकाची तक्रार होती.

हे लक्षात घेतले म्हणजे चाहत्यांना ट्रेलर करण्याचे निमंत्रण देण्यात काय बदलते ते स्पष्ट होते. निर्मात्याने केलेला ट्रेलर हा विक्रेत्याचा वेचा. प्रेक्षकाने केलेला ट्रेलर हा वाचकाचा वेचा. विक्रेत्याला आपला माल कोणत्या पेठेत खपेल याची चिंता असते. वाचकाला, तो प्रामाणिक असेल तर, आपल्याला काय लागले हे सांगावयाचे असते. मात्र ‘प्रामाणिक असेल तर’ ही अट सोपी नाही. या बाबतीत २००५ मधील एक उदाहरण फार बोलके आहे. न्यूयॉर्कमधील संकलकांच्या एका संघटनेने साहाय्यक संकलकांसाठी स्पर्धा ठेवली होती: जुन्या चित्रपटाची दृश्ये घेऊन त्याचा ट्रेलर अशा रीतीने करावयाचा की तो निराळ्याच प्रकारचा चित्रपट वाटावा. रॉबर्ट रायंग या तरुणाने स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द शायनिंग’ हा १९८० चा भयपट निवडला आणि त्यातील हसऱ्या चेहऱ्यांना प्रसन्न संगीताची जोड देऊन त्याचे बापलेकांच्या जिव्हाळ्याच्या सुखान्त कथेत रूपांतर केले. ती फीत जगभर पाहिली गेली. तीत मूळ चित्रपटाचा विपर्यास आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, ट्रेलर या प्रकाराचे व्याकरण मूळ कृतीपासून किती सुटे आहे, हे तिने दाखवून दिले. निवेदकाचा आश्वासक आवाज, मध्येच थांबणारे संगीत, शेवटी येणारे नाव: एवढा साचा असला की त्यात कोणताही चित्रपट ओतता येतो. ही विडंबनाची कामगिरी आहे आणि विडंबन हे समीक्षेचेच एक रूप आहे, हे मराठी वाचकाला ‘झेंडूची फुले’पासून ठाऊक आहे. फरक इतकाच की येथे टीका ‘द शायनिंग’वर नसून ट्रेलर या व्यवसायावर आहे.

चाहत्यांच्या सहभागाचे प्रयत्न पुढे वाढले. केसी प्यू याने ‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट पंधरा-पंधरा सेकंदांच्या ४७३ तुकड्यांत विभागून एकेक तुकडा एकेका चाहत्यास नव्याने चित्रित करण्यास दिला, त्या सामुदायिक कृतीस २०१० मध्ये एमी पारितोषिक मिळाले. नीना पेली यांनी रामकथेवरील आपला ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा २००८ चा सचेतपट सर्वांना मुक्तपणे दाखविण्यास, कापण्यास आणि जोडण्यास खुला केला. यांतील पहिल्या प्रयत्नात उत्साह पुष्कळ आहे, विचार थोडा. दुसऱ्यात एक तत्त्व आहे: कृती प्रसृत झाली की तिचे पाठ अनेक होणार, ते रोखण्यापेक्षा त्यांना वाट द्यावी. ज्या कथेचे पाठ मोजता येत नाहीत, त्या कथेवरील चित्रपटाला हे तत्त्व शोभून दिसते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे दूर जाण्याचे कारण नाही. यवतमाळच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या आठवणी अनुयायांकडून मिळवून ‘लीळाचरित्रा’ची रचना केली. ती मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, आणि ज्यांना जेवढे मुखोद्गत होते त्यांनी तेवढे पुन्हा लिहून काढले. त्यामुळे त्या ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली आवृत्ती या पाठभेदांच्या अरण्यातूनच वाट काढते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. केसोबासाने लीळांमधून चक्रधरांची वचने तेवढी वेचून ‘सूत्रपाठ’ तयार केला. कथा गळाली, प्रसंग गळाला, माणसे गळाली आणि वचन राहिले. भक्ताने गुरूच्या चरित्रातून केलेला हा वेचा होता, आणि निवड करणारा भक्त असला तरी त्या निवडीत एक शास्त्रकार वावरत होता. चरित्र कशासाठी वाचावयाचे, याविषयीचे एक ठाम मत सूत्रपाठाच्या रचनेतच आहे. त्या अर्थाने सूत्रपाठ ही लीळाचरित्राची पहिली समीक्षा म्हणावयास हरकत नाही.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. सुटे वचन हाती आल्यावर ते कोणास, कोठे आणि कशावरून म्हटले, हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ लागेना. म्हणून प्रत्येक सूत्रामागील प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथात निर्माण झाले. ज्यांनी प्रसंग गाळला त्यांच्याच परंपरेला तो परत आणावा लागला. वेचा आणि प्रकरण यांच्या या संबंधाचा जितका सूक्ष्म विचार महानुभावांनी केला, तितका आजच्या चित्रव्यवसायाने केलेला नाही. ट्रेलर प्रकरण गाळतो आणि ते परत आणण्याची जबाबदारी चित्रपटावर टाकतो. प्रेक्षकाने चित्रपट पाहिलाच नाही, तर सूत्र तसेच लोंबकळत राहते.

चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकाचा हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर्कापुरता राहत नाही. स्वतंत्र निर्मात्यांचे चित्रपट महोत्सवांतून फिरतात, मुंबई-पुण्याच्या काही पडद्यांवर आठवडा-दोन आठवडे दिसतात. वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा येथील प्रेक्षकापर्यंत त्यांचा खेळ क्वचितच पोचतो. भ्रमणध्वनीवर ट्रेलर मात्र पोचतो. परिणामी जो चित्रपट या जिल्ह्याच्या जीवनावर काढलेला असतो, त्याचा दोन मिनिटांचा वेचा हाच पुष्कळदा त्या जिल्ह्याच्या वाट्याला येतो. प्ररोचना झाली आणि नाटक झालेच नाही, अशी ही अवस्था. अशा ठिकाणी ट्रेलर कोणी कापला, याला मुंबईत असते त्याहून पुष्कळ अधिक महत्त्व येते.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपविले. तेव्हापासून, आणि विशेषतः या शतकाच्या पहिल्या दशकापासून, यवतमाळ हे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जखडले गेले आहे. त्यावर वार्तापट झाले, अनुबोधपट झाले, कथापट झाले. मिखा पेलेड या दिग्दर्शकाचा ‘बिटर सीड्स’ हा २०११ चा अनुबोधपट जिल्ह्यातील तेलंग टाकळी या गावी चित्रित झाला. वार्ताहर होऊ पाहणारी गावातली एक मुलगी आपल्याच परिसरातील आत्महत्यांचा शोध घेते, हे त्यातील एक सूत्र आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ चा कथापट विदर्भातील कापूसकऱ्याच्या घरात शिरतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला भय वाटू लागते की आपला नवरा किसनाही तसे काही करील; म्हणून ती लहानग्या दिनूला बापाच्या पाळतीवर ठेवते आणि घरात गोडधोड रांधू लागते. बाप शेतात पावसाची वाट पाहतो, पोर बापावर नजर ठेवते, आणि त्या पाळतीतून हसू उगवते. हसू आणि भय यांचा हा पीळ हेच या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या भूमिका त्या पिळाला जपूनच उभ्या राहिल्या आहेत.

आता या चित्रपटाचा ट्रेलर चार निरनिराळ्या माणसांना करावयास दिला, अशी कल्पना करावी. महोत्सवाच्या वाऱ्या करणारा रसिक बहुधा सुने माळरान, कोरडे आभाळ आणि मूक चेहरे घेईल. विनोदाची आवड असलेला तरुण दिनूची पाळत घेईल आणि एक खेळकर कथा दाखवील. दोन्ही वेचे अंशतः खरे आणि पूर्णतः अपुरे. कारण पीळ उलगडला की दोन सुटे धागे राहतात, दोर राहत नाही. तिसरा एखादा कार्यकर्ता आत्महत्येचा प्रसंग पुढे आणून त्याखाली आकडे लिहील. चौथा राळेगावचा किंवा कळंबचा कापूसकरी असला तर तो काय घेईल? नेमके सांगता येणार नाही, पण तो काय गाळील ते बरेचसे सांगता येते. भेगाळलेल्या जमिनीचे दृश्य तो गाळील.

भेगाळलेली जमीन हे विदर्भाच्या दैन्याचे ठरीव चित्र होऊन बसले आहे. ते मूळच्या अज्ञानावर आधारलेले आहे. कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, हा तिच्यातील चिकणमातीचा धर्मच होय. चांगल्या पावसाच्या सालीही वैशाखात तिला हातभर भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरून जमिनीची उलथापालथ आपोआप होते, म्हणून तिला आपले आपण नांगरून घेणारी माती असेही म्हटले जाते. यवतमाळ जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ते वाळवंटाचे मान नव्हे. येथले दुःख पाऊस येत नाही एवढेच नसून तो केव्हा येतो हे आहे: सरकी टोबली आणि पाऊस दडला, की दुबार पेरणी आणि दुबार कर्ज. हे दुःख भेगेत दिसत नाही. ते दुसऱ्यांदा बियाणे आणावयास निघालेल्या माणसाच्या चालण्यात दिसते. बाहेरच्या कॅमेऱ्याला भेग दिसते, कारण भेगेला स्पष्टीकरण लागत नाही. घरच्या संकलकाने ती गाळली, तर एवढ्या एका कापाने त्याने शंभर लेखांचे काम केले असे होईल. प्रेक्षकाच्या हाती कात्री देण्याचे खरे समर्थन कोठे असेल तर ते येथे आहे.

तथापि चाहता आणि सहृदय यांत भेद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाहत्याची ओढ आपल्या आवडत्या क्षणांकडे असते. तो शिखरे वेचतो आणि चढण गाळतो. अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेला सहृदय काव्याच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा असतो. त्याची तन्मयता ही अभ्यासाची फलश्रुती असते. ट्रेलर कापण्याचे काम या दोहोंमधील अंतर काही प्रमाणात कमी करू शकते, हे मान्य केले पाहिजे. दीड तासाचा चित्रपट दोन मिनिटांत आणावयाचा तर तो वीस वेळा पाहावा लागतो, कोणत्या चित्रानंतर कोणते चित्र आले म्हणजे काय होते हे हाताने करून पाहावे लागते, आणि असे करता करता मूळ संकलकाने तो काप तेथेच का घेतला हे उमगू लागते. जुन्या पाठांतराचे जे फळ होते त्याच जातीचे हे फळ आहे. रसग्रहणाच्या प्रश्नपत्रिकेला कंटाळलेल्या विभागांनी ही कसोटी एकदा अजमावून पाहावयास हरकत नसावी.

या उपक्रमांवर दुसराही एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. निर्मात्याला ज्या कामासाठी पैसे मोजावे लागले असते ते काम तो चाहत्याच्या प्रेमाच्या भांडवलावर फुकट करून घेतो, असा तो आक्षेप. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो यथार्थ आहे. परंतु लोकांच्या सहभागाची सगळीच उदाहरणे या मापाने मोजणे योग्य होणार नाही. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ गुजरातमधील पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. ज्यांनी पैसे दिले तेच तो पाहावयास गाड्या भरभरून आले. तेथे सहभाग पैशाचा होता, निवडीचा नव्हता. दोन रुपये देणाऱ्याला एकही काप बदलता आला नाही. ट्रेलरच्या निमंत्रणात उलट आहे: पैसा मागितला जात नाही, निर्णय मागितला जातो. कोणते देणे अधिक मोलाचे, याचे उत्तर निर्माता त्या निर्णयाचे पुढे काय करतो यावर अवलंबून राहील. पन्नास ट्रेलर मागवून त्यांतील सर्वांत गोड तेवढा मिरवावयाचा आणि बाकीचे बाजूस सारावयाचे, असे असेल तर तो सहभाग नव्हे, ती लॉटरी झाली.

निमंत्रणाची वाट न पाहणारे प्रेक्षकही महाराष्ट्राने पाहिले आहेत. मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत व्हिडिओ पार्लर चालविता चालविता संकलन शिकलेल्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या अनुबोधपटाने ती धडपड जगापुढे आणली आणि रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ती कथापटाचा विषय केली. मालेगावच्या कारागिरांना कोणी दृश्ये बहाल केली नव्हती. त्यांनी ‘शोले’ आपल्या गल्लीत आणला, आपल्या बोलीत बोलविला आणि त्याच गावाला दाखविला. अनुकरणाच्या मिषाने केलेले ते भाष्यच होते. ज्या प्रेक्षकाला कात्री हवी असते तो ती मिळवितो, हे मालेगावने सिद्ध केले. मग निमंत्रणात निर्मात्याचे औदार्य किती आणि अपरिहार्यता किती, याचा हिशेब वेगळा करावा लागेल.

यवतमाळच्या संदर्भात सर्वांत बिकट प्रश्न यापुढचा आहे. कथापटातील किसना हा नट आहे. त्याचा चेहरा कोणत्याही चित्राशेजारी ठेवला तरी त्या नटाचे फारसे बिघडत नाही. अनुबोधपटातील विधवा ही नटी नाही. कुलेशोव्हच्या प्रसिद्ध प्रयोगात मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी ठेवला गेला आणि प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला. एस्फिर शुब यांनी १९२७ मध्ये झारच्या घरच्या चित्रफिती नव्याने जोडून त्यांतून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाची कथा उभी केली. राजाच्या हौसेने काढलेली चित्रे त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागली. झारच्या बाबतीत हे न्याय्य वाटते, कारण तो सत्ताधीश होता. तेच कौशल्य एखाद्या गावातील शोकाकुल चेहऱ्यावर दूरच्या कोण्या उत्साही चाहत्याने चालविले, तर त्यास न्याय म्हणता येत नाही. त्या स्त्रीने दिग्दर्शकाला होकार दिला होता. अज्ञात पन्नास संकलकांना दिला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम कृतीच्या विपर्यासाविरुद्ध कर्त्याला संरक्षण देते. ‘आपका बंटी’ या कादंबरीच्या चित्ररूपावरून मन्नू भंडारी यांनी याच कलमाचा आधार घेतला होता आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्याची व्याप्ती स्पष्ट केली. पण चित्रपटाचा कर्ता म्हणजे या कायद्याच्या परिभाषेत निर्माता. दिग्दर्शक तो नव्हे, आणि पडद्यावर ज्याचे दुःख दिसते त्याचा तर त्या कलमात उल्लेखही नाही.

यावर वाट दाखविणारे एक उदाहरण रंगभूमीने घालून दिले आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतील एक, कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे, यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. त्या निवडीमागील वादाशी येथे कर्तव्य नाही. ज्या स्त्रिया इतरांच्या चित्रांत नेहमी भिंतीवरच्या तसबिरीखाली बसलेल्या दिसतात, त्यांनी आपल्या गोष्टीतील काय सांगावयाचे आणि काय मिटून ठेवावयाचे याचा निर्णय प्रयोगाच्या रूपाने स्वतः मांडला, एवढे येथे पुरेसे आहे. जिल्ह्यावरील एखाद्या अनुबोधपटाच्या ट्रेलरसाठी निमंत्रण काढावयाचे झाल्यास पहिला अधिकार त्यात दिसणाऱ्या माणसांचा आहे. चाहत्यांचा क्रम त्यांच्यामागून लागतो. हा क्रम पाळला गेला तर भावी ट्रेलरांची संख्या कमी होईल आणि काही चित्रे कोणत्याच ट्रेलरमध्ये येणार नाहीत. तशी ती न येणे हाही एक निर्णयच असेल.

सामग्री कोणती द्यावयाची, ही बाब राहते. निर्मात्याने आधीच निवडून ठेवलेली तीस-चाळीस आकर्षक दृश्ये चाहत्यांना दिली, तर त्यांनी काहीही केले तरी तो निर्मात्याचाच ट्रेलर होतो. निवड आधीच झालेली असते, उरते ती मांडणी. संपूर्ण चित्रपट दिला पाहिजे, शक्य तर गाळलेली दृश्येही दिली पाहिजेत. मुंबईत २००८ मध्ये काही कलावंत आणि विधिज्ञ संस्थांनी मिळून सुरू केलेला पॅड.मा हा चित्रफितींचा संग्रह या दृष्टीने आदर्श मानण्यासारखा आहे. त्यात पुरे झालेल्या चित्रपटांपेक्षा त्यांच्यामागील कच्च्या चित्रणाला मान आहे आणि प्रत्येक क्षणाखाली कोण, कोठे, केव्हा याच्या टिपा लिहिण्याची सोय आहे. महानुभावांच्या ‘प्रकरणवशा’चेच काम या टिपा करतात. प्रेक्षकाने घेतलेल्या प्रत्येक चित्राबरोबर त्याचे प्रकरण एका ओळीत जोडण्याची अट घातली, तर निम्मे विपर्यास होण्यापूर्वीच थांबतील. कारण ज्याला चेहऱ्याखाली गावाचे नाव आणि चित्रणाची तारीख लिहावी लागते, त्याला त्या चेहऱ्याशेजारी वाटेल ते चित्र ठेवताना हात आखडावा लागतो.

भाषेच्या प्रश्नातही प्रकरणाचाच मुद्दा येतो. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी आहे. ती रागाने दिली जाते, कंटाळून दिली जाते आणि घरोब्याच्या माणसाला लडिवाळपणेही दिली जाते. पावसाला ती देणारा शेतकरी या तिन्ही भावांनी देतो, आणि चित्रपटाचे नाव त्या तिन्हींवर उभे आहे. पुण्यात कापलेल्या ट्रेलरला या शब्दाखाली अर्थ छापावा लागेल आणि छापताना तीनपैकी एकच निवडावा लागेल. पांढरकवड्यात कापलेल्या ट्रेलरला तो छापण्याचे कारण पडणार नाही.